कुंकू लावून दिलेली गाडी

आमची गाडी जप्त झाली तेव्हा तिच्या बॉनेटवर कुंकू होतं आणि चाकापुढे नारळ फोडलेला होता.

कर्ज माझ्या नावावर होतं. गाडी चालवायचा माझा धाकटा भाऊ दत्ता. केजहून भाडी मारायची आणि त्यावर त्याचं घर चालायचं. पण आमच्या भावकीत एक रीत आहे. कुणाच्याही घरचं लग्न असो, नवरदेवासाठी गाडी मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही आणि भाडं तर घ्यायचंच नाही. माझी बायको सुमन गाडीला कुंकू लावून, नारळ फोडून चावी देते. लग्नसराईत गाडी इतकी फिरायची की दत्ताला ती रस्त्यात ओळख दाखवायचीही बंद झाली होती. हप्ते थकले. नोटीस आली.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे संकट आलं की मी आधी वाचतो. कर्जदाराचे हक्क मी तोंडपाठ केले. वसुलीच्या माणसानं ओळखपत्र आणि अधिकारपत्र दाखवलं पाहिजे. शिवीगाळ नको, दमदाटी नको. बंद आवारातली गाडी संमतीशिवाय नेता येत नाही. (हक्कांच्या खाली कर्जदाराच्या जबाबदाऱ्याही छापल्या होत्या. अक्षर फार बारीक होतं.)

"दादा, एकदा हापिसात जाऊन मुदत मागा की," दत्ता रोज म्हणायचा.

"आपण कशाला जायचं? येऊ दे त्यांना. एकेक नियम दाखवतो."

"नियम दाखवून हप्ता फिटतो व्हय?"

अशा क्षुद्र प्रश्नांना मी उत्तर देत नसे.

ते आले त्या सकाळी मी तहसीलसमोरच्या हॉटेलात चार लोकांना हेच हक्क समजावून सांगत होतो. तेवढ्यात समोरून आमची गाडी गेली. कुंकवाचं बोट ताजं होतं. कुणाचं तरी लग्न, असं म्हणून मी हात वर केला. आतल्या माणसानं अदबीनं नमस्कार केला. माणसं कशी मर्यादशील असतात, यावर मी हॉटेलात दोन वाक्यं बोललोसुद्धा.

घरी आलो तर सुमन कपबश्या विसळत होती.

"घाटनांदूरकडचे पाव्हणे आलते. लई गुणाची पोरं. गाडी दिली."

"कुणाचं लग्न आहे?"

"पत्रिका देवापुढं ठेवलीय. बघा तुमीच."

दत्ता माझ्या आधी देव्हाऱ्याजवळ पोचला. पाकीट फोडलं आणि तिथंच खाली बसला. गणपतीपुढे अक्षता वाहिलेलं ते वसुलीचं अधिकारपत्र होतं.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "आता मी काय चालवू?"

त्याला गाडी हवी होती. माझ्याकडे फक्त हक्क होते.

वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन आम्ही कर्ज देणाऱ्या कंपनीच्या अंबाजोगाईच्या शाखेत गेलो. मी साहेबापुढे उभा राहून सुरुवात केली, "ही सरळ जबरदस्ती आहे."

साहेबानं शांतपणे मोबाइल पुढे केला. गाडी ताब्यात घेताना चित्रण करायचं असा त्यांचा नियम होता. पडद्यावर सुमन नारळ फोडत होती. "सावकाश चालवा बरं का," ती म्हणत होती, "क्लच जरा कडक हाय."

गाडी नेणारा पोरगा शेजारीच उभा होता. ओशाळून म्हणाला, "सर, मी कार्ड दाखवलं, सांगायला गेलो. काकू म्हनल्या, गाडीला न्हाई म्हनायची आमच्यात रीत न्हाई, आधी लाडू खा."

दत्ताचा मफलर, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरची देवी, सगळं त्यानं यादीबरहुकूम परत केलं. एकही नियम मोडलेला नव्हता. भांडायला इतक्या तयारीनं जाऊन समोर फक्त सभ्यता भेटावी, यासारखी पंचाईत नाही.

दत्ता मला बाजूला सारून पुढे झाला. "साहेब, गाडी परत मिळायला काय करावं लागंल?"

"लिलावाआधी थकलेलं आणि गाडी आणण्याचा खर्च भरा, घेऊन जा. नोटीस आल्यावर आला असता तर मुदत दिली असती, खर्चही वाचला असता. कुणी आलंच नाही."

दत्तानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सुमन हळदीकुंकवाची कोयरी घेऊन भावकीत निघाली. आमच्या गाडीतून ज्यांची वरात निघाली त्या प्रत्येक घरी गेली, चहा प्यायली, सुनेची चौकशी केली आणि उठताना म्हणाली, "रीत आमी मोडली न्हाई. आता दत्ताची गाडी तेवढी सोडवा." शिवीगाळ नाही, दमदाटी नाही. माणसं चिडून पैसे द्यायला निघाली आणि लाजून जास्त देऊन बसली. लिलावाआधी गाडी सुटली. दत्तानं पहिलं भाडं लिंबागणेशचं घेतलं, रोख.

वसुलीचं शेवटचं घर आमचंच होतं. पुस्तक प्रकाशनांना, सत्कारांना मीही ती गाडी फुकट फिरवली होती. सुमननं माझ्यापुढे कोयरी ठेवली. त्या क्षणी खिशात काही नव्हतं, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मुदत मागितली. तिनं लगेच दिली. हे इतकं सोपं असतं असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे दत्ता रोज सांगत होता, पण ते छापलेलं नव्हतं.