अल्बमातलं पहिलं चित्र

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बाकीच्या फजित्या अख्ख्या बडोद्याला पाठ आहेत — कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं खुपसून मागे सरकता सरकता मी नदीत पडलो, हे मीच रंगवून सांगतो. ही एक मात्र गिळून बसलो. का? हिच्यात हसण्यासारखं अर्धंच आहे, म्हणून.

महाराजांच्या हुकमाने विश्वामित्रीकाठी बाग व्हायची होती. आधीची जागा, चाललेलं काम, झालेली बाग — सगळ्याची चित्रं काढायचं काम मला मिळालं. पहिल्या दिवशी गेलो तर काठावर जीवीबेन नावाच्या बाईची वांग्यांची वाडी, झोपडी आणि तिने लावलेला लिंबडा, म्हणजे आपला कडुलिंब. तिला म्हटलं, दहा मोजेपर्यंत हलू नका. अहो, भले भले मानकरी चारलाच नाक खाजवतात! ही बाई ओटीत वांगी धरून उभी राहिली ती पापणीसुद्धा हलली नाही. तसं चित्र मला पुन्हा साधलं नाही.

त्या चित्राची काच धुतली, वाळवली, छापण्याआधी खाटेवर ठेवली आणि — सांगतो — तिच्यावर बसलो.

"अहो, काय मोडलं?" बायको आतून ओरडली.

"माझी कीर्ती!"

पुन्हा काठावर गेलो तोवर वाडी सपाट झाली होती. मग छाणी गावाच्या बाजूचा एक ओसाड काठ टिपला, अल्बमात पहिल्या पानावर चिकटवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं — 'बागेपूर्वीची जागा'.

एवढंच असतं तर हेही हसत सांगितलं असतं.

वाड्या गेलेल्यांना बदली जमीन मिळायची होती. जीवीबेन कचेरीत आली, तेव्हा मी पुढची चित्रं घेऊन तिथेच होतो. कारभाऱ्यांनी अल्बम उघडला. "बाई, इथे तर नुसती झुडपं दिसतात."

ती माझ्याकडे वळली, तिच्या वाडीचा फोटो मीच काढला होता हे सांगा म्हणाली. "भाई, तमे कहो ने! मारी वाडीनो फोटो तमे ज पाड्यो हतो ने?"

काच फुटली, हे चित्र दुसरीकडचं आहे — काय कठीण होतं बोलायला? पण काम गेलं असतं. नाव गेलं असतं. मी अल्बमकडे बघत राहिलो. मनात मोजत होतो, हेही आठवतं. दहा झाले. मी हललो नाही.

तिला जमीन मिळाली नाही. करजणकडे गेली म्हणे. मी कधी शोधलं नाही. बाग फुलली, माझी चित्रं नावाजली गेली, आणि नदीत पडल्याची गोष्ट मी आणखी रंगवत नेली.

इतक्या वर्षांनी आज सकाळी कचेरीत जाऊन तो अल्बम मागितला. जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं — 'ही जागा बागेची नव्हे. बागेच्या जागी जीवीबेनची वाडी होती. मी पाहिली होती. विचारलं तेव्हा गप्प राहिलो.' सही केली, पूर्ण नावाची.

"अहो, सरकारी अल्बमात हे काय लिहिलंत?" म्हातारा कारकून घाबरला. "कोणी पाहिलं तर?"

मी अल्बम उघडाच उचलला आणि कारभाऱ्यांच्या खोलीकडे निघालो.