भाऊंना न विचारलेले चार प्रश्न

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या गणवेशाला काज करत बसले होते. "तुये भाऊ गेले वं रजनी," एवढंच भाऊंच्या पत्नी वत्सलाबाई बोलल्या आणि कोणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. रडू मागाहून आलं. आधी मी माझ्या हातांकडे पाहिलं. सोमवारी दुपारी ह्याच हातांनी मी सुधाकरभाऊंची मान दाबून दिली होती. मंगळवारी सकाळी ते अंगणात दात घासता घासता कोसळले आणि बुधवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. आता सात आठवडे झाले. लोक म्हणतात, लिही भाऊंवर काहीतरी, तू त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलंस. लिहिते. पण नुसतं गोड गोड पाहिजे असेल तर बाबांनो, दुसऱ्या कोणाला सांगा.

सुधाकरभाऊ आलापल्लीत मान आणि कंबर पाहायचे. मोठ्या शहरात कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं मणके-सांधे बसवण्याची विद्या, शिकून, तिथे काही वर्षं काम करून ते गावी परतले, तेव्हा तो शब्द कोणाच्या जिभेवर बसेना. मग लोकांनी त्यांना 'मानवाले भाऊ' करून टाकलं. माझी त्यांची ओळख डोकेदुखीतूनच झाली. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसायची मी, आणि संध्याकाळी डोकं धरून. मानेच्या बुडातून कळ निघायची, कानामागून वर चढायची आणि उजव्या डोळ्यावर येऊन बसायची. सगळे म्हणायचे अर्धशिशी. चष्मा बदलला, नाकात तूप सोडलं, सूर्य उगवायच्या आधी जिलेबी खाल्ली, आईनं दृष्ट काढली. जिलेबी तेवढी चांगली होती. भाऊंनी माझ्या डोक्याला हातच लावला नाही. मान वळव म्हणाले, तर उजवीकडे ती अर्ध्यातच अडली. मग कवटीच्या खाली एका जागी त्यांनी अंगठा टेकवला आणि इकडे डोळ्यावर तीच कळ उठली. मी ओरडलेच.

"डोकं बेकसूर आहे तुयं," भाऊ म्हणाले. "चोर मानेत बसला आहे. उद्या मशीन घेऊन ये."

"मशीन? काऊन?"

"तू कशी बसतेस ते पाहू दे न मले."

ही त्यांची रीत होती. ज्यानं मान धरली ते सोबत आणायचं. मी ऑटोत मशीन घालून गेले तेव्हा अख्खा चौक हसला. भाऊंनी मला तासभर शिवायला लावलं आणि शेवटी मशीनच्या टेबलाखाली चार विटा सरकवल्या. मुलचेराकडची मासे विकणारी बंगाली मावशी डोक्यावरची टोपली घेऊन आली, तर गल्लीतली सगळी मांजरं तिच्या मागे. सूरजागडच्या रस्त्यावर चालणाऱ्या एका ट्रकवाल्याला भाऊ म्हणाले, "सीट कशी आहे ते पाहावं लागंन," तर त्यानं भरलेला ट्रकच गल्लीत घातला. तो मागे काढताना शेजाऱ्याचं कुंपण गेलं आणि वत्सलाबाईंनी दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला.

माझं डोकं तीन-चार महिन्यांत बरंच उतरलं, पण मी काही तिथून हलले नाही. सकाळी शिवण आणि दुपारी भाऊंच्या हाताखाली. त्यांनी मला मानेचे व्यायाम शिकवले, शेक द्यायला शिकवलं, हलक्या हाताने दाबायला शिकवलं. सांधा बसवण्याचं काम मात्र स्वतःच करत आणि तेही फार कमी. लोक मोबाईलवर पाहून यायचे, त्यांना कटकन आवाज पाहिजे असायचा. "भाऊ, आवाज नाई आला न!" "आवाज पाहिजे तर फटाका घे." चौकातल्या सलूनवाल्याशी तर त्यांचं कायमचं भांडण होतं. तो दाढी झाली की गिऱ्हाईकाची मान दोन्हीकडे मोडून द्यायचा. भाऊ रस्त्यावरूनच ओरडत, "दाढी कर बाप्पा, मानेले हात लावू नको! शीर फाटली तर तू भरून देशील का?"

ह्या भीतीपोटीच त्यांनी एक पुठ्ठा लिहिला होता. खोक्याचा पुठ्ठा, काळ्या मार्करने चार प्रश्न. असं दुखणं आधी कधी झालं होतं का? हळूहळू आलं की एकाएकी? उलटी, ताप, उजेड सोसत नाही असं आहे का? दोन-दोन दिसतं का, जीभ, हात, पाय जड वाटतात का? एका जरी उत्तरात खोट वाटली की मानेला हात लावायचा नाही, सरळ दवाखान्यात धाडायचं. पुठ्ठा पेशंटच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगला होता, म्हणजे बसणाऱ्याच्या डोक्यावरून आपल्याला तो वाचता यावा. एकदा गावातले एक मोठे पुढारी आले. मला त्यांना काही विचारायची लाज वाटली, मी तशीच शेक द्यायला लागले. भाऊंनी त्यांच्यासमोर मला झापलं. "माया बाप आला तरी विचारायचं! समजलं?"

समजलं होतं हो...

त्या सोमवारी भाऊ स्वतः त्या खुर्चीत बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "रजनी, मान पाहून दे वं जराशी. कालपासून डोकं धरून राह्यलं. विहारातल्या खुर्च्या उचलल्या न काल, त्याचंच असंन." मी मान चाचपली. डाव्या बाजूला दोरीसारखी ताठ लागली. आता खरं सांगते. मला त्या वेळी काळजी नाही वाटली, मला अभिमान वाटला. मानवाल्या भाऊंनी आपली मान माझ्या हातात दिली! वत्सलाबाईंना हाक मारून दाखवावंसं वाटलं. मी शेक दिला, हलक्या हाताने दाबलं, अर्धा तास. मध्येच ते म्हणाले, "तो लाईट बंद कर, डोळ्यावर येऊन राह्यला." मी उठले आणि बंद केला. परत येऊन त्यांच्यासमोर बसून दाबत राहिले. त्यांच्या डोक्याच्या वर, माझ्या नाकासमोर तो पुठ्ठा होता. त्यावर तिसरा प्रश्न त्यांच्याच अक्षरात उजेडाचाच होता. पण ज्यानं प्रश्न शिकवले त्यालाच प्रश्न विचारायचे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, त्यातून आधी थोडं थोडं झिरपत असावं, तुमच्या दाबण्याने काही झालेलं नाही. मी विचारलं, "सोमवारीच आणलं असतं तर?" ते "सांगता येत नाही" म्हणाले. तेव्हापासून हे तीन शब्द मला बसू देत नाहीत. मशीनवर बसते, उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. सुईत दोरा ओवता ओवता मी ती दुपार परत परत चालवते. कधी मी पहिलाच प्रश्न विचारते, कधी लाईटपाशी थांबते, कधी आरडाओरडा करून गाडी बोलावते. प्रत्येक वेळी गाडी वेळेवर पोचते... आणि मग मशीनचा दोरा तुटतो.

मागच्या आठवड्यात मी भाऊंची खोली उघडून बसले होते, तर वत्सलाबाई आल्या आणि त्याच खुर्चीत बसल्या. "डोकं लय दुखून राह्यलं वं. रडून रडून." मी हात पुढे केला, मागे घेतला. वर पाहिलं आणि चारही प्रश्न विचारले. त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. तिसऱ्यापाशी मात्र अडल्या.

"उलटी? मले नाई. त्यायले झाली होती, सोमवारी सकाळी. पित्त आहे म्हणे. मी लिंबूपाणी देल्लं." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू विचारलं नाई, मीबी सांगतलं नाई. आता तू एकटीच काऊन जळून राह्यली?"

माझं जळणं काही थांबलं नाही, खोटं कशाला सांगू. पण ते आता दोघींत आहे.

उठताना त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं. "हे इथी मागं कोनाले दिसते? समोर लाव." भाऊंचा पुठ्ठा मी त्याच दिवशी समोरच्या भिंतीवर ठोकला, खुर्चीत बसणाऱ्याला दिसेल असा. काल तो ट्रकवाला आला होता, मान आखडून. मी विचारपूस केली आणि शेकाचा टॉवेल पिळून त्याच्या मानेवर ठेवणार, तेवढ्यात तो भिंतीकडे बोट करून म्हणाला, "बाई, चौथा राह्यला तुमचा."

मी टॉवेल खाली ठेवला आणि चौथा विचारला.