अक्काचा ब्रश

होड्यांच्या कारखान्यात अक्काच्या ब्रशला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग केलेले जोड तारेच्या ब्रशने घासायचे, आम्लाने धुवायचे आणि वर गंजरोधक लेप चढवायचा, हे तिचं काम. तो ब्रश लोखंडाला लागला की लोखंडाचे कण तारांत अडकतात, घासताना जोडात रुततात आणि खाऱ्या पाण्यात जोड तिथूनच सडतो. म्हणून जेवतानाही ब्रश तिच्या गळ्यात असायचा.

"भावजींना एवढं जपलं असतंस तर!" तिचा वेल्डर भाऊ चिडवायचा.

एकदा घाईत ब्रश खुंटीवर राहिला. दुसऱ्या दिवशी अख्खी होडी घासून झाल्यावर अक्काला ब्रशच्या तारांत तांबूस भुकटी दिसली.

"याने लोखंड कुणी घासलं?"

भावाची मान खाली गेली. "मी. फाटकाला जरासा लावला होता."

मालक घड्याळ बघत म्हणाले, "गिऱ्हाईक दारात उभं आहे. लेप चढव आणि मोकळी हो."

"सगळे जोड पुन्हा घासायचे. घाण झाकायला मी लेप चढवत नाही."

"कामावरून काढीन!"

"खुशाल काढा. आधी होडीतून उतरवून दाखवा." अक्का होडीत चढली आणि मधोमध मांडी ठोकून बसली.

भाऊ काकुळतीला आला. "अक्का, हट्ट सोड ना. लेपाखालचं दिसणार कुणाला?"

"पाण्याला," अक्का म्हणाली. तिने खिशातून कोरा ब्रश काढून त्याच्या हातात कोंबला. "घास."