डाव्या पायातली चप्पल

“मावशी, हार घेऊन बाहेर थांबा. खुर्च्या निमंत्रितांसाठी आहेत.”

इंदिरानगरच्या हॉलात, रविवारी सकाळी. नव्वद साल सरून आठ-नऊ वर्षं झाली असतील. बोलणाऱ्या बाई आकाशदर्शन मंडळाच्या सेक्रेटरी. वाईट नव्हत्या हो, गोड बोलायच्या. हेही गोडच बोलल्या. मी शेवटच्या ओळीतल्या खुर्चीच्या कडेला जरा टेकले होते, एवढंच. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी उठले. पण बाहेर गेले नाही. दाराजवळच्या भिंतीला लागून उभी राहिले. पडद्यावर जे दिसणार होतं ते मला बघायचंच होतं.

तुम्ही म्हणाल, झेंडू-शेवंती पिकवणारी बाई, चौथी शिकलेली, हिला ताऱ्यांचं काय? सांगते ना.

मळ्यातली फुलं यायची, मी हार-गजरे करून विकायची. फुलं बांधायला रद्दी लागते. आमच्याकडे सातपूरच्या कंपनीतल्या एका साहेबांच्या घरची रद्दी यायची, तिच्यात इंग्रजी मासिकं असायची. गुळगुळीत कागद. तो फुलांच्या कामाचा नाही. पाणी पीत नाही, आत फुलं घामेजतात आणि सडतात. म्हणून तो मी बाजूला फेकायची. त्या ढिगात एक दिवस ते चित्र निघालं.

धुराचे उभे तीन खांब. डावीकडचा सगळ्यात उंच. आणि वरचा उजवा कोपरा काळा, पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला. मला वाटलं, छापणाऱ्यानं घाण केली.

माझी लेक सुरेखा तेव्हा आठवीत. डिक्शनरी घेऊन तिनं खालचा मजकूर लावला, आठ दिवस लागले पोरीला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीनं काढलेला फोटो होता तो. धूर म्हणजे वायू आणि धूळ. त्या खांबांच्या शेंड्यांत नवे तारे जन्माला येतात. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला हजारो वर्षं लागतात. आणि कोपरा कापलेला, कारण दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचे चार भाग, त्यातला एक लहान. तिनं वाचावं, मी सुई ओवावी. फुलं निवडायच्या जागेवर भिंतीला ते चित्र लावलं. दोन वर्षं रोज समोर. घरातल्या माणसाचं तोंड नसेल एवढं मी ते बघितलं.

सुरेखा म्हणायची, आई, मी हेच शिकणार. आणि मंडळ शाळांतून दहा मुलं निवडून त्यांचा वर्ग घेणार होतं. तिचं नाव यादीत आलं. शाळेच्या ड्रेसात, दोन वेण्या घालून, ती त्या रविवारी हॉलात तिसऱ्या ओळीत बसली होती. पाहुण्यांच्या हाराचं काम नेमकं मला मिळालं होतं. मला काय आनंद.

पाहुणे बाहेरगावचे मोठे प्रोफेसर. काळे पडदे ओढले, स्लाइडचं यंत्र सुरू झालं. दोन-चार चित्रं गेली आणि आमचं आलं. भिंतीएवढं. मग लक्षात आलं, उंच खांब उजवीकडे आहे. कापलेला कोपरा डावीकडे.

माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, चित्र उलटं लागलंय.”

सगळ्या माना मागं वळल्या. साहेब चिडले नाहीत. हसले. म्हणाले, “मावशी, अवकाशात डावं-उजवं नसतं.”

टाळ्या पडल्या. पुढून कोणीतरी म्हणालं, मावशींना म्हणावं हाराची गाठ सांभाळा. पुन्हा हशा.

सगळे वळले, सुरेखा वळली नाही. शेजारच्या मुलीनं तिला काहीतरी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. काय विचारलं ते मला आजवर माहीत नाही. पण कळलं.

सेक्रेटरीबाईंनी माझं कोपर धरून मला बाहेर आणून सोडलं.

बाहेर चपलांची रांग. तिथं उभी राहिले, हाराची टोपली घेऊन. आधी वाटलं, खरंच असेल, शिकलेला माणूस आहे. मग नजर माझ्या चपलांवर गेली. डावीकडची उचलली. टाच वर केली, आडवी धरली, गोल फिरवली. कशीही फिरवा, ती डाव्याच पायाची राहते. उजव्यात बसत नाही. चित्राचंही तसंच. अवकाशात वर-खाली नसेल, पण यंत्रात पालथी घातलेली स्लाइड कशीही फिरवली तरी सुलटी होत नाही. अंगावर काटा आला बघा. कुणी शिकवलं नव्हतं मला हे.

तेवढ्यात आतून हाक आली, मावशी, हार आणा.

मी गेले. डाव्या हातावर हार, उजव्या हातात चप्पल. आपल्याकडे सत्काराला चप्पल हातात घेऊन जायचं म्हणजे काय होतं, हे कुणालाही कळतं. मला त्या क्षणी कळलं नाही. माझ्या डोक्यात फक्त चित्र होतं.

“साहेब, ही डाव्या पायातली. आता कशीबी फिरवा…”

पुढचं बोलूच दिलं नाही. दोघांनी दंड धरले. मारतेय, मारतेय म्हणून ओरडा झाला. हार तुटला, शेवंती गालिच्यावर सांडली. साहेब पांढरेफटक. मला ओढत बाहेर काढलं, चप्पल आतच राहिली. एका पायानं अनवाणी घरी आले.

दोन दिवसांनी सेक्रेटरीबाई आणि सुरेखाचे सर घरी आले. माफीचा कागद लिहून आणलेला. मी सही करायची, मग सुरेखाचं नाव यादीत राहील. मी चौथी शिकलेली, पण वाचता येतं. लिहिलं होतं, ‘मी अज्ञानातून हे कृत्य केले.’

मी म्हटलं, चप्पल आत नेली त्याची माफी मागते, हात जोडते. पण ‘अज्ञानातून’ हा एक शब्द खोडा. आणि चित्र उलटं होतं, ते लिहा.

सर म्हणाले, “मावशी, चित्राचं काय घेऊन बसलात? मुलीचा विचार करा.”

सुरेखा दारात उभी होती. “आई, कर ना सही.”

मी पेन खाली ठेवलं.

नाव गेलं. दहावीनंतर सुरेखानं सायन्सचं नावच काढलं नाही. कळवणला दिली, नांदते आहे, सणाला येते. भिंतीवरच्या चित्राकडे पाठ करून बसते. चप्पल उगारणारी बाई म्हणून माझं नाव झालं, हॉलची कामं बंद पडली. चांगलं काही झालं नाही, खोटं कशाला सांगू? लेकीचं आभाळ मी घालवलं असं ती म्हणते. रात्री मलाही तसंच वाटतं.

पण तो कागद मी टाकला नाही. चित्राशेजारीच खिळ्याला अडकवलाय, पिवळा पडलाय. सहीची जागा कोरी आहे. आजही कुणी यावं, लेकीनं स्वतः पेन हातात द्यावं. त्या शब्दाखाली माझी सही होणार नाही.