केळ्यांच्या खोलीत वीस अंश

मार्च महिन्यात जालन्यात रात्रंदिवस वीस अंश तापमान राहील अशी जागा शोधायला आम्हाला नऊ दिवस लागले.

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी तेव्हा कागदपत्रं लिहायला होतो. त्याआधी चौदा वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काढली होती. ते कार्यालय बंद झालं. वर्कशॉपच्या मालकांना एका ऑर्डरसाठी रोज अहवाल लिहिणारा माणूस हवा होता, आणि बातमीदाराला अहवाल येतोच, असा त्यांचा समज होता. तो मी दुरुस्त केला नाही.

वर्कशॉपचं नेहमीचं काम उसाच्या ट्रॉल्यांचं आणि रोलिंग मिलच्या सुट्या भागांचं. ही ऑर्डर मात्र परराज्यातल्या एका संशोधन केंद्राची होती. त्या केंद्रात एका इमारतीत नळीचं एक भलंमोठं वर्तुळ आहे. नळीतली हवा काढून घेतलेली असते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन तासन्‌तास गोल फिरत ठेवलेले असतात. चुंबक त्यांना वळवतात. वळताना त्यांच्यातून प्रखर प्रकाश निघतो आणि त्या प्रकाशात शास्त्रज्ञ औषधं, धातू, बियाणं असं काहीबाही तपासतात. वर्तुळ जुनं झालं होतं. त्याच इमारतीत आता नवे चुंबक पहिल्यापेक्षा दाटीनं बसवायचे होते, म्हणजे इलेक्ट्रॉनांची धार आणखी बारीक होणार होती. हे चुंबक ज्यांच्यावर बसणार ते तीन-तीन मीटरचे पोलादी गर्डर आमच्याकडून हवे होते. एकूण बारा. पहिला पास झाला तरच पुढचे अकरा.

गर्डरच्या पाठीवर सहा सपाट जागा होत्या. सहाही एका पातळीत हव्या होत्या. फरक तीस मायक्रॉनच्या आत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हे कळल्यापासून मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःचा एक केस उपटून दाखवायचे आणि म्हणायचे, याच्या अर्ध्याहून कमी. त्या कामासाठी त्यांच्या डोक्यावर फारसा साठा उरलेला नव्हता.

आमची मशीन ही पातळी शंभर मायक्रॉनपर्यंत आणत होती. त्याखाली आणू शकणारा माणूस एकच होता. जाफराबादकडचे सदुसष्ट वर्षांचे मिस्त्री, घरी उर्दू बोलणारे आणि वर्कशॉपमध्ये फारसं न बोलणारे. निळा रंग लावलेली सपाट पाटी ते गर्डरवर फिरवायचे. जिथं रंग लागेल तिथं उंचवटा. तो स्क्रेपरनं, म्हणजे लांब दांड्याच्या पटाशीसारख्या हत्यारानं, खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा पाटी. असं दीड महिना चाललं. मालकांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की ऑर्डर गेली तर स्क्रेपिंगचं टेबल निघेल आणि तिथं वेल्डिंगचा सेट बसेल. मिस्त्रींनी मग गेटवर बसावं. खुर्ची, पंखा, रजिस्टर, सगळं मिळेल. मालकांनी हे सन्मान म्हणून सांगितलं. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "रजिस्टर लिहायला हे हायेत ना."

केंद्राच्या कागदांत अट होती की मोजणी वीस अंशांना करावी आणि गर्डर आधी दोन दिवस त्याच तापमानात ठेवावा. वर्कशॉपच्या पत्र्याखाली दुपारी चाळीस व्हायचे. बियाण्यांचं कोल्ड स्टोरेज भरलेलं होतं आणि फारच थंड होतं. मंगल कार्यालयाचा एसी हॉल दोन दिवसांसाठी मिळत होता, पण तिसऱ्या दिवशी लग्न होतं आणि नवरीकडच्यांनी गर्डर पाहून तो स्टेजखाली राहणार का, असं विचारलं. मालकांनी एका एटीएमच्या खोलीचंही माप घेतलं. शेवटी मिस्त्रींच्या ओळखीचा एक बागवान, म्हणजे फळांचा व्यापारी, सापडला. त्याच्याकडे केळी पिकवायची बंद खोली होती. ती तो अठरा अंशांवर ठेवायचा. आमच्यासाठी वीस करायला तयार झाला. रमजान सुरू होता, केळ्यांना मागणी होती, ती जरा लवकर पिकली तरी त्याची हरकत नव्हती. अट एकच, केळी बाहेर निघणार नाहीत.

अशा रीतीनं त्या केंद्राचा पहिला गर्डर केळ्यांच्या क्रेटच्या सहा रांगांसमोर ठेवला गेला. पिकवायचा गॅस आदल्या दिवशी बाहेर काढलेला होता. वास होताच. दोन दिवसांनी आम्ही आमच्या साधनांनी मोजलं. अठरा मायक्रॉन आलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि स्क्रेपर फडक्यात गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी केंद्राचे निरीक्षक आले. मूळचे नागपूरकडचे, बारीक अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले. त्यांनी केळी पाहिली, तापमान पाहिलं, आणि कागदात केळ्यांना मनाई नसल्याचं तपासून काम सुरू केलं. त्यांचा तापमानाचा सेन्सर गर्डरला चिकटवायचा होता. वायर आखूड होती, म्हणून तो खालच्या बाजूला, फरशीजवळ लागला. दार उघडलं की गरम हवा आत येते, तेव्हा काम संपेपर्यंत दार उघडायचं नाही, असं त्यांनी बजावलं. आत निरीक्षक, मालक, मिस्त्री आणि मी. खोलीचं तापमान दाखवणारी आणि ते कमी-जास्त करायची पाटी दाराबाहेर होती. दर तासाला त्यावरचा आकडा रजिस्टरमध्ये लिहिणं हे माझं काम होतं.

दाराला वीतभर काच होती. बागवान मधूनमधून तिच्यातून आत बघायचा. त्याचा रोजा होता, तरी पाहुण्यांसाठी त्यानं चहा मागवला आणि कप काचेला लावून दाखवला. निरीक्षकांनी हातानं नको म्हटलं, यंत्राजवळ कसलाही द्रव चालत नव्हता. थोड्या वेळानं काचेत पाण्याचा ग्लास दिसला. तोही नको. खोली गार ठेवणाऱ्या पंख्याची हवा थेट निरीक्षकांच्या पाठीवर येत होती. ते दोनदा शिंकले.

तीनच्या सुमाराला सहाही जागा मोजून झाल्या. मधला भाग उंच आला होता. फरक एक्केचाळीस मायक्रॉन. निरीक्षकांनी पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. ते शांतपणे म्हणाले की आकडा वर जातोय, पण दोष साधा आहे. मधून वीसेक मायक्रॉन काढले तर ते आजच पास करून जातील. संध्याकाळी त्यांची गाडी होती. मालकांना हायसं वाटलं. त्यांनी मिस्त्रींना स्क्रेपर काढायला सांगितलं.

मिस्त्रींनी उजवा हात पालथा करून गर्डरच्या पाठीवर ठेवला. मग वाकून खालच्या बाजूला. मग पुन्हा वर.

"आज न्हाई होणार, शेठ."

"का बरं?"

"ह्याला ताप हाय."

"लोखंडाला?"

"लोखंडालाच. पाठ गरम हाय, पोट थंड हाय, म्हणून मधून फुगलं. आता खरवडलं तर ताप उतरल्यावर तिथं खड्डा पडंल. उंच असलं तर मी काढतो. खड्डा भरायला माझ्याकडं काही न्हाई."

निरीक्षकांनी सेन्सर दाखवला. वीस पूर्णांक दोन. मग माझं रजिस्टर दाखवलं. वीस, वीस, वीस, वीस. ते म्हणाले की दोन स्वतंत्र पुरावे आहेत. मालकांचा आवाज खाली आला. मालक आष्टीकडच्या शेतकरी घरातले. त्यांचा आवाज खाली येतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"मिस्त्री, मी शेवटचं सांगून राह्यलो. गेटवरची खुर्ची आजच टाकू का मंग?"

"टाका. बसतो मी. पन ह्याला आज हात लावणार न्हाई."

दोन पुराव्यांपैकी एक कसा तयार झाला ते मला माहीत होतं. अकरा वाजता आत येताना मी पाटी पाहिली होती. त्यानंतर दार उघडायला मनाई होती, आणि गेले दोन दिवस आकडा वीसच होता. बारापासून मी चार वेळा वीस लिहिलं होतं. वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून अक्षराचा कल थोडा बदलला होता. मी म्हणालो, बाहेर जाऊन बघून येतो.

बाहेर पाटीवर साडेबावीस होते. पाटीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बागवान बसला होता. कुणी वाढवलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मीच." त्याच्या आवाजात अपराधाचा मागमूस नव्हता.

"साब दोन बार शिंकले. चहा दाखवला, वापस. पाणी दाखवलं, वापस. मेहमान माझ्या खोलीत काकडून राह्यला न् मी हितं मजेत बसू? दीड वाजता अडीच डिग्री दिली. तेवढंच होतं माझ्याकडं द्यायला."

केळ्यांना चालतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "केळी बिलकुल खूश हायेत."

मी आत जाऊन आकडा सांगितला. मग, कुणी विचारायच्या आत, रजिस्टरमधले चार आकडे अंदाजानं लिहिल्याचंही सांगितलं. निरीक्षकांनी माझा पेन घेतला, चारही नोंदी एकेका रेघेनं खोडल्या आणि प्रत्येक रेघेशेजारी माझी सही घेतली. मग त्यांनी यंत्राचं टेबल सरकवून सेन्सर गर्डरच्या पाठीवर लावला. बावीस पूर्णांक एक. खाली थंड फरशी, वर गरम हवा. मिस्त्रींनी सांगितलं तसंच होतं. निरीक्षकांनी स्वतःचा हात वर ठेवला, खाली ठेवला. त्यांना काहीच फरक कळला नाही.

"बोटं न्हाई, साहेब. पालथा हात," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पालथा ठेवला. तरीही कळला नाही. त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहून घेतलं.

तापमान पुन्हा वीसवर आणून सकाळी मोजायचं ठरलं. निरीक्षकांनी गाडी सोडली. बागवानानं त्यांना इफ्तारला घरी नेलं, केळी वाढली आणि निघताना एक लोकरीची शाल दिली. दुसऱ्या दिवशी ते ती शाल पांघरून मोजायला बसले. मिस्त्री आत आलेच नाहीत. ते बाहेर भिंतीच्या सावलीत उकिडवे बसून होते, फडक्यातला स्क्रेपर मांडीवर. साडेदहाला दार उघडलं आणि मालक एक केस चिमटीत धरून बाहेर आले.

"मिस्त्री, सतरा. केसाचा चौथा हिस्सा."

मिस्त्री म्हणाले, "पयलेच अठरा होतं. येक कुठं गेलं ते पाहा."

प्रकरण तिथं संपायला हवं होतं. पण ठरल्यापेक्षा वेगळं काही घडलं की केंद्राचा एक फॉर्म भरावा लागतो, आणि तो मान्य झाल्याशिवाय पुढचे अकरा गर्डर सुरू करता येत नव्हते. या वेळी मी सगळं घडलं तसंच लिहायचं ठरवलं. कारण: जागेच्या मालकाने पाहुण्यास थंडी वाजू नये म्हणून तापमान वाढवले. पुन्हा घडू नये म्हणून उपाय: पाहुण्यांनी शाल सोबत आणावी. दोष कोणत्या उपकरणाने लक्षात आला: मिस्त्रींचा उजवा हात, पालथा. पुढचा रकाना होता, उपकरण शेवटचे तपासले त्याची तारीख. तो मी रिकामा सोडला.

आठवड्यानं फॉर्म परत आला. पाहुणे, शाल, हात, कशालाच आक्षेप नव्हता. फक्त रिकाम्या रकान्याभोवती लाल गोल होता. मालक दिवसभर त्या गोलाकडे बघत बसले. अकरा गर्डर आणि मिस्त्रींचं टेबल त्या रकान्यात अडकलं होतं.

मी मिस्त्रींकडे गेलो. प्रश्न त्यांना विचित्र वाटला नाही. हत्यार वेळोवेळी तपासलंच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी थोडा विचार केला.

"शुक्रवारी. नातीला ताप आल्ता. हात लावून एकशे एक म्हणलो. मंग सुनेनं थर्मामीटर लावला. बराबर एकशे एक."

मी त्या शुक्रवारची तारीख लिहिली. कशाशी पडताळले: घरगुती थर्मामीटर. चूक: शून्य. साक्षीदार: सून.

चार दिवसांनी मंजुरी आली. फॉर्मवर शिक्का होता आणि खाली हातानं एक ओळ लिहिलेली होती की उपकरणाची पुढील तपासणी सहा महिन्यांच्या आत करावी. मिस्त्री दुसऱ्या गर्डरवर निळा रंग लावत होते. मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली.

"घरात लहान लेकरं हायेत," ते म्हणाले, "होऊन जाईल."