पुढे सरकवलेला ट्रे

माझे भावोजी आठवडाभर बस चालवतात आणि रविवारी आमच्या मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीचे अध्यक्ष असतात. आमच्यात पगारी पाद्री नसतो. ज्याच्या गळ्यात काम पडेल त्याने ते निभवायचं. टायरच्या दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये आम्ही मूठभर माणसं जमतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट भावोजींना शोभतो, आणि ते त्यांना चांगलं माहीत आहे.

परदेशातल्या मंदिरात जायचं तर आधी अध्यक्षांच्या प्रश्नांना खरी उत्तरं देऊन परवानगीपत्र मिळवावं लागतं. आमच्यातल्या रफूवाल्या मावशींना तिथे आपल्या वारलेल्या नवऱ्याशी कायमची गाठ बांधून घ्यायची होती. मरणानंतरही ती सुटत नाही, अशी आमची श्रद्धा. पण चहा-कॉफी आम्हाला वर्ज्य, आणि तेही त्या प्रश्नांत विचारतात. मावशींनी सरळ सांगून टाकलं, "सकाळी अर्धा कप घेते. त्याशिवाय सुईत दोरा जात नाही."

"आधी सोडा, मग बघू," भावोजी म्हणाले.

मावशींनी खरंच सोडला. ही बातमी द्यायला त्या थेट बस डेपोत पोचल्या, तर कॅन्टीनच्या बाकावर भावोजी गरम चहाच्या कपावर फुंकर मारत होते. ड्यूटीवरचा चहा त्यांना कधी सुटलाच नव्हता.

"मी सोडला हो," मावशी म्हणाल्या. "तुम्ही घ्या, निवेल."

हे भावोजींनीच मला नंतर सांगितलं. "चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," म्हणाले.

त्या रविवारी प्रार्थना होऊन, येशूच्या आठवणीत वाटतात त्या पावाच्या तुकड्यांचा ट्रे आला. तो आधी अध्यक्षांपुढे धरतात. मन साफ नसेल त्याने पाव घेऊ नये, असं भावोजीच आम्हाला बजावत आलेत. त्यांनी तुकडा न घेताच ट्रे पुढे केला. पोट बिघडलं असेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मग ट्रे मावशींपाशी आला, आणि त्यांनीही तो तसाच सरकवला. का, ते मी मागाहून विचारलं.

"एकट्या माणसाला कसं उपाशी बसू द्यायचं?" म्हणाल्या.

पण तेव्हा हे कुणाला ठाऊक? मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. "सुटला नाही वाटतं चहा. आता कसल्या जातात मंदिरात!"

भावोजींच्या कानावर ते गेलं. ते उठून उभे राहिले.

"मावशींनी चहा सोडलाय," ते म्हणाले. "मी पितो. रोज. त्यांना अडवलं तेव्हाही पीत होतो."

ताईने मान खाली घातली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. भावोजी कुणाकडेच बघत नव्हते.

मावशींचं परवानगीपत्र शेवटी दुसऱ्या शहरातल्या वरच्या अध्यक्षांनी दिलं. त्यांच्याकडे शब्द टाकायला भावोजी स्वतः गेले होते. येताना आपलं स्वतःचं मंदिराचं परवानगीपत्र तिथेच ठेवून आले.