तिसऱ्या ओळीतला श्वास

जगात गाणी कितीही असोत, आमच्या हिच्या मामांच्या मते ऐकण्यालायक गाणं एकच आहे, आणि तेही त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणा गोऱ्या बँडने लोकांनी नाचावं म्हणून वाजवलेलं. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या त्यांच्या घरात या एकाच गाण्याच्या तबकड्या जिन्याखाली, पलंगाखाली आणि मामींच्या लोणच्याच्या बरण्यांमागे आहेत. बँड निरनिराळे, कंपन्या निरनिराळ्या, गाणं तेच. नवी तबकडी आली की मामा तिला हळदकुंकू वाहतात, पाहुण्यांना बूट काढायला लावतात, आणि ती संपेपर्यंत कुणाला चहा मिळत नाही. मी एकदा मध्येच शिंकलो, तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागली.

मामा निवृत्त भूलतज्ज्ञ. उभा जन्म दुसऱ्यांचे श्वास ऐकण्यात गेला, त्यामुळे गाण्यातही त्यांना सुराआधी श्वास ऐकू येतो. कोण कुठे दम घेतं, यावरून ते गाणारा ओळखतात. पेशंटला भूल देतानाही म्हणे ते हेच गाणं गुणगुणायचे. कुणी आपल्या ऑपरेशनची हकिकत सुरू केली की त्यांचा एकच प्रश्न असतो, "भूल कुणी दिली?" सर्जनचं नाव सगळ्यांना पाठ असतं. भूल देणाऱ्याचं आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. मग मामा "फेअर इनफ" म्हणतात आणि विषय बदलतात.

गेल्या वर्षी त्यांना या गाण्याची सर्वांत जुनी तबकडी मिळाली. त्या काळी लेबलवर बँडचं नाव छापत, गाणाऱ्याचं नाही. जुन्या तबकड्यांच्या शौकिनांचं इथे एक मंडळ आहे, तिथेही तिची ओळख 'गायिका अज्ञात' अशीच. मामांनी ती ऐकली आणि म्हणाले, ही एल्सी थॉर्नबी. या एल्सीने पुढे उतारवयात हेच गाणं स्वतःच्या नावावर पुन्हा गायलं होतं, आणि तिसऱ्या ओळीत, जिथे दुसरं कुणीच दम घेत नाही, तिथे ती घेते. मंडळाच्या अध्यक्षांनी हसून सांगितलं, रविवारी दोन्ही ऐकवा, मग बघू.

शनिवारी सकाळी मामींनी इडलीचं पीठ बॉयलरच्या कपाटात ठेवलं. इंग्लंडच्या थंडीत पीठ फुगायला घरात तेवढीच एक उबदार जागा. पातेल्याचं झाकण सापडेना, आणि टेबलावरची तबकडी अगदी मापाची निघाली. दुपारी बघतात तर पीठ वर आलं होतं आणि एल्सी खाली बसली होती. तबकडीची चक्क ताटली झाली होती.

"अहो, मला वाटलं, एखादी गेली तर काय," मामी रडवेल्या होऊन म्हणाल्या. "गाणं तर सगळ्यांवर एकच आहे ना?"

मामा चिडले नाहीत. त्यांचा आवाज एकदम शांत झाला.

"पॅनिक करू नका. उबेने वाकलीय, उबेनेच सरळ होईल."

भिंतीवरच्या गणपतीच्या आणि स्वतःच्या लग्नाच्या फोटोच्या काचा काढून त्यांनी तबकडी त्यांच्यामध्ये ठेवली, वर मामींचा खलबत्ता ठेवला आणि सगळं त्याच कपाटात सरकवलं. मग दिवेलागणीपर्यंत ते स्टूल टाकून समोर बसून राहिले. मधूनमधून काचेला हात लावून बघत होते. बाहेर काढली तेव्हा तबकडी सपाट झाली होती.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये आधी उतारवयातली एल्सी लागली. तिसऱ्या ओळीला मामांनी बोट वर केलं, आणि तो श्वास सगळ्यांनी ऐकला. मग जुनी तबकडी लागली. खरखर, भोंगळ बँड, एक कोवळा आवाज, आणि तिसऱ्या ओळीत अगदी तिथेच तोच श्वास. टाळ्यांनी हॉल दणाणला. अध्यक्षांनी तबकडी पुन्हा लावली, आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे आधी उभं राहून बँडचं नाव सांगितलं, मग म्हणाले, "गायिका, मिस एल्सी थॉर्नबी." मामांनी दोन्ही हात वर केले. मामी डोळे पुसत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

मग त्याच पिठाच्या इडल्या निघाल्या. खाता खाता अध्यक्ष आपल्या गुडघ्याच्या जुन्या ऑपरेशनबद्दल सांगू लागले. हॉस्पिटल मामांचंच होतं. मामा आपला नेहमीचा प्रश्न विचारेनात, तेव्हा शेवटी मीच विचारलं, भूल कुणी दिली?

"नाव नाही बुवा सांगता येणार," अध्यक्ष म्हणाले. "पण झोप लागता लागता उशाशी कुणीतरी हळूच गुणगुणत होतं, एवढं आठवतं."

मामांनी चटणीची वाटी खाली ठेवली.

"फेअर इनफ," ते म्हणाले. पण या वेळी त्यांनी विषय बदलला नाही.